एकतिसावा चमचा

सहा जणी एकाच दिवशी मनोरुग्णालयात नर्स म्हणून रुजू झाल्या. चार महिन्यांत पाच जणींनी काढता पाय घेतला. उरली ती धाकटी. मग ऑफिसला जाग आली आणि नव्या नर्स का टिकत नाहीत यावर समिती बसली. समितीने बिस्किटं खाल्ली, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्याचं पोस्टर लावलं आणि गेलेल्यांचं काम धाकटीच्या गळ्यात घातलं. रोग रेड्याला, औषध पखालीला.

धाकटीनेही आपली सोय पाहून ठेवली होती. त्वचारोगाच्या एका दवाखान्याला तिला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

वॉर्डात जेवणानंतर चमचे मोजून पुरे भरल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा नियम होता. त्या दुपारी एकतीसच्या जागी तीसच भरले. बाकांखाली पाहिलं, बादल्या उपसल्या, पेशंटांचे खिसे उलटे केले. अर्धा तास झाला, माणसं कावली. तेव्हा शिंपीकाका उभे राहिले. सहा महिने वॉर्डात काढलेल्या काकांना दुसऱ्या दिवशी मुलगी दोन दिवसांसाठी घरी नेणार होती.

"मी घेतला. खिडकीतून टाकला," ते म्हणाले. "बाकीच्यांना उठू द्या."

"मग काका, उद्याची सुट्टी रद्द," थोरल्या सिस्टर म्हणाल्या, आणि धाकटीला नोंद करायला सांगितलं.

पेनासाठी तिने ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि हाताला चमचा लागला. एका आजोबांना औषध पाजून तो तिनेच खिशात टाकला होता. तिचा खिसा कुणी तपासलाच नव्हता. शहाण्यांचे खिसे तपासायची तिथे पद्धत नव्हती.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. नाहीतरी ती जायचीच होती. पण काकांकडे बघवेना.

"माझ्याकडे होता," तिने चमचा टेबलावर ठेवला. लाजेने तिचे कान तापले.

काका खाली बसले. "मला दिसला होता खिशात टाकताना."

"मग खोटं का बोललात?"

"तू नवीन आहेस ना. नव्या पोरी बोलणी खाल्ली की निघून जातात."

संध्याकाळी तिने दवाखान्याला नकार कळवला.

"तिथं असं काय मिळतं तुला?" दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं.

"आज एकाने माझ्यासाठी स्वतःची सुट्टी पणाला लावली."

"कोण, डॉक्टर?"

"नाही हो. पेशंट."