पांढऱ्या ढगावरचा डाग

कापड गिरणीच्या तपासणी खात्यात एक तिरकी काच आहे. काचेमागे दिवे, वर एक रूळ, खाली एक रूळ. विणून आलेला ताका वरच्या रुळावरून सुटतो, काचेवरून घसरतो आणि खालच्या रुळावर गुंडाळला जातो. समोर स्टुलावर बसलेल्या माणसाने फक्त बघायचं. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की तिथे किनारीला लाल दोरा बांधायचा. दोरे फार झाले की ताका दुय्यम ठरतो आणि बोल विणकराला लागतो.

या स्टुलावर बसणाऱ्या माणसाला सगळी गिरणी ‘घार’ म्हणते, तोंडावर ‘घारभाऊ’. चालत्या कापडावरची राईएवढी खोट त्याच्या नजरेतून सुटत नाही, म्हणून हे नाव पडलं. त्याने बांधलेला दोरा कोणी सोडायचा नाही, असा गिरणीत रिवाजच आहे. एरवीही त्याचा कशावर चटकन विश्वास बसत नाही. दूध वास घेतल्याशिवाय तो तापायला ठेवू देत नाही, आणि दुकानातून आणलेली गोळी पुन्हा डॉक्टरला दाखवून मगच गिळतो. त्याची बायको म्हणते, हे आरशात बघायला गेले की आधी मागे कोण उभं आहे ते बघतात.

मध्यंतरी त्याचा संशय एका विणकर बाईवर बसला होता. गिरणीत बाकीचे माग गडद चौकड्यांचं कापड विणत. साधं पांढरं कापड फक्त तिच्या दोन मागांवर निघे. त्या कापडावर घारभाऊंना बारीक काळे डाग दिसू लागले. डाग दिसला की ते रूळ थांबवत, दोरा बांधत आणि बोटाने चाचपून बघत. थांबल्यावर डाग सापडत नसे. दुसरा एखादा माणूस म्हणाला असता, भास झाला असेल. घारभाऊ म्हणाले, खडू. तेलाच्या डागावर खडूची भुकटी घासली की तो काही वेळ दबतो, हे विणकरांचं जुनं कसब आहे. चालत्या कापडातून मागचा उजेड येतो तेव्हा तो उघडा पडतो, असं त्यांनी सुपरवायझरला भर शेडमध्ये समजावून सांगितलं. बाई म्हणत राहिली, डाग दाखवा. घारभाऊ म्हणाले, लपवलेली वस्तू दाखवायची असती तर लपवली कशाला असती?

सुपरवायझरने तिला मागांवरून काढून मागांखालचा कापसाचा केर झाडायला लावलं. शनिवारी मॅनेजर येणार होते; तिला ठेवायचं की घरी पाठवायचं, हे ते ठरवणार होते. तिचे दोन माग बंद उभे राहिले. उभा माग सगळ्यांना दिसतो, त्यावरून शेडमध्ये बोलायला विषय मिळाला.

घारभाऊंच्या घरी तेव्हा वेगळंच प्रकरण चालू होतं. बायको जिन्यावरून घसरली होती आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालून पलंगावर पडून होती. तिच्या भाचीने टीव्हीवर एक चित्र लावून दिलं होतं: पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकावरचा कॅमेरा खाली जे दिसेल ते त्याच क्षणी दाखवतो. समुद्र सरकतो, ढग सरकतात, मधूनच वाळवंट येतं. बायको दिवसभर तेच बघत होती. मालिकांपेक्षा बरं, कोणी रडत नाही, असं तिचं मत.

घारभाऊ कामावरून आले की हातपाय धुऊन खुर्चीत बसत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, हे रेकॉर्डिंग आहे. मधे पडदा निळा झाला, संपर्क तुटल्याची ओळ आली, तेव्हा म्हणाले, बघ, आता दुसरी कॅसेट घालतायत. बायकोने सांगितलं की कॅसेटी बंद होऊन जमाना झाला.

पण बसल्यावर त्यांना ते सोडवेना. वरून येऊन खाली सरकत जाणारी पृथ्वी हुबेहूब काचेवरच्या ताक्यासारखी होती, आणि आयुष्यभर ज्याने हेच केलं तो नजर कुठे वळवणार? शुक्रवारी संध्याकाळी ढगांचा मोठा पांढरा पट्टा आला आणि त्यांना त्यावर काळा ठिपका दिसला. ढग गेला, निळा समुद्र आला, ठिपका नाहीसा झाला. पुन्हा ढग, पुन्हा ठिपका.

घारभाऊ खूश झाले. त्यांच्या धंद्यात एक पक्का नियम आहे: तीच खोट पुन्हापुन्हा आली तर कापडाला बोल लावू नये, रूळ तपासावा. रुळावर काही चिकटलं असेल तर प्रत्येक फेरीला ते कापडावर उठतं. म्हणजे इथेही काहीतरी गोल फिरतंय, तेच तेच दाखवतायत. चोरी पकडली.

“कुठे आहे ठिपका?” बायकोने विचारलं.

त्यांनी टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवलं. तिला काही दिसेना. मग त्यांनी खिशातून लाल दोऱ्याचा तुकडा काढला, थुंकी लावली आणि नेमका त्या जागी पडद्यावर चिकटवला. खुर्चीत येऊन बसतात तो ठिपका दोऱ्यापासून वीतभर लांब. दुसरा दोरा चिकटवला. ठिपका आणखी कुठेतरी.

“अहो, आता पृथ्वी दुय्यम मालात काढता की काय?” बायको म्हणाली. “आणि दोष कोणाच्या नावावर घालणार?”

स्थानक पृथ्वीच्या काळोख्या बाजूला गेलं आणि पडदा काळा पडला. चिडून घारभाऊंनी मान वळवली, आणि ठिपका बायकोच्या पायावरच्या पांढऱ्या प्लास्टरवर आला. तिथून भिंतीवर गेला. ते भिंतीकडे बघत राहिले तसा तो हळूहळू खाली घसरला.

त्यांनी उजवा डोळा झाकला. ठिपका होता. डावा झाकला. भिंत स्वच्छ.

रूळ सापडला होता.

काय झालं ते बायकोला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. घारभाऊ म्हणाले, “पांढऱ्यावरच दिसतो.” थोड्या वेळाने त्यांनी उठून टीव्हीवरचे दोरे काढले. बायकोने एवढंच विचारलं, हे साहेबांना सांगितलं तर तुमचं स्टूल राहील का? ते म्हणाले, आंधळ्याला घार कोण म्हणेल? मग त्यांनी असंही बोलून पाहिलं की सगळेच डाग डोळ्यातले कशावरून, एखाद्या ताक्यावर तिने खडू घासलाही असेल. संशय इतक्या लवकर घर सोडत नाही. बायको म्हणाली, मग बघा की तपासून, तुमचा धंदाच तो आहे.

शनिवारी मॅनेजर यायच्या आत घारभाऊंनी सुपरवायझरला गाठलं आणि बाजूला काढलेले पांढरे ताके पुन्हा काचेवर चढवायला सांगितले. या वेळी स्टुलावर दुसरा तपासनीस बसला. विणकर बाई झाडू हातात घेऊन शेजारी उभी राहिली, आणि घारभाऊ हात मागे बांधून तिच्यामागे. ताके संपले. एक गाठ निघाली, डाग एकही नाही. घारभाऊंनी डोळ्याचं सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, ठीक आहे, बाई, तुमचे माग चालू करा.

बाई हलली नाही. “खडूचं काय?”

घारभाऊ म्हणाले, ते मी परत घेतो.

“इथे कोपऱ्यात नको. आळ सगळ्यांसमोर घेतला होता, सगळ्यांसमोर परत घ्या.”

जेवणाच्या सुट्टीत माग थांबले, तेव्हा शेडच्या मधोमध उभं राहून घारभाऊंनी ते केलं. काहीजण डबा खात ऐकत होते. मागून कोणीतरी घारीला मोतिबिंदू झाला म्हणालं आणि थोडं हसू उठलं. मोतिबिंदू नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पाण्यात वयोमानाने असे कण तरंगू लागतात, जाणार नाहीत, सवय होईल. घारभाऊंनी दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं. तोही तेच म्हणाला.

आता ते घडी खात्यात आहेत. तिथे कापड मोजायचं नसतं, बघायचं नसतं, फक्त काठाला काठ जुळवायचा असतो. घरी बायकोचं प्लास्टर निघालं, पण टीव्हीवर पृथ्वी चालूच आहे. घारभाऊ ती डावा डोळा मिटून बघतात आणि अजूनही म्हणतात, रेकॉर्डिंग नसेल कशावरून?

गेल्या महिन्यात विणकर बाई ताक्याचं एक टोक हातात घेऊन घडी खात्यात आली. नव्या तपासनीसाने तिच्या पांढऱ्या कापडाला लाल दोरा बांधला होता. तिने कापड घारभाऊंसमोर पसरलं आणि म्हणाली, बघा. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघा.

घारभाऊंनी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. मग कापड हातभर सरकवून पुन्हा बघितलं. ठिपका कापडाबरोबर सरकला.

“डाग आहे,” ते म्हणाले. “तेलाचा आहे. तुमच्याच मागाचा.”

बाईने कापड खिडकीपाशी नेलं, स्वतः एकेक डोळा झाकून बघितलं, आणि माग पुसायला गेली.