एक मग जास्तीचा

इंदुबाईंनी कालवलेला माल घट्ट झाला, असं चंद्रपुरातल्या एकाही मिस्त्रीनं कधी म्हटलं नाही. बावीस वर्षं त्या बांधकामांवर रेजा, म्हणजे मजूर होत्या. थापी सरसर फिरावी म्हणून शेवटी एक मग पाणी जास्तीचं टाकायचं, ही त्यांची खासियत. मिस्त्री खूश, इंदुबाई खूश. इमारतीला कुणी विचारलं नाही.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागल्या. काम तेच, फक्त डोक्यावर उन्हाऐवजी पंखा. कोपऱ्यात कालवायचं मशीन होतं, पण लहान प्रयोगांना पोरं इंदुबाईंनाच हाक मारायची. मोठ्या पत्र्याच्या ट्रेपुढे बसल्या की त्या राणीसारख्या दिसत.

एके दिवशी बल्लारपूरची पुनम दोन काळ्या पुड्या घेऊन आली. तिचं संशोधन चालू होतं.

"न्हाव्याकडून केस आणले काय वं?"

"कार्बनचे धागे हायेत बाई. केसाहून बारीक."

"सिमेंटात काऊन टाकतेस?"

"सिमेंट दाबलं तर सोसते. वाकवलं की खटकन तुटते. हे धागे चीर पडली तरी दोन्ही बाजू धरून ठेवतात."

"म्हंजे तणस! आमच्या पोंभुर्ण्याकडं मातीच्या भिंतीत धानाचं तणस टाकतात, तसंच."

"तणसातून वीज जाते काय? यातून जाते."

इंदुबाईंनी हात मागे घेतला. "मंग भिंतीले हात लावायचा का नाई?"

"लावा ना! लई बारीक जाते. चीर पडली की कमी जाते, अन् मीटरवर कळते. भिंत सोताच सांगते, मले दुखून राह्यलं म्हणून."

"माह्या गुडघ्यात टाक मंग थोडे."

पुनमनं एक पुडी ओल्या मालात रिकामी केली आणि साचे आणायला गेली. इंदुबाई कालवू लागल्या. माल आखडला. फावडं जड झालं, धाग्यांच्या गोळ्या वळल्या. असला घट्ट माल आपल्या हातचा? त्यांनी दाराकडे पाहिलं. पाण्याचा मग उचलला, ओतला. माल कसा लोण्यासारखा!

साच्यांतून काढून अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवलेल्या छोट्या तुळया वाकवून तोडायच्या मशीनवर चढल्या. बिनधाग्यांची साधी तुळई बऱ्यापैकी टिकली. धाग्यांच्या तिच्याआधीच मोडल्या. तिन्हीच्या तिन्ही.

पुनमचा चेहरा उतरला. "धाग्यांनी उलट कमजोर झालं, सर. तसंच लिहिते."

"लिही," प्रयोगशाळा सांभाळणारे लोकेश सर म्हणाले. "उरलेली पुडी परत पाठव."

इंदुबाई मोडलेले तुकडे गोळा करत होत्या. कुणी काही विचारलं नव्हतं. धाग्यांना तोंड नव्हतं. गप्प राहिलं तर ट्रे आपलाच. पण पोरीनं काळे धागे खोटे ठरवले असते.

"धाग्यायचा कसूर नाई जी," त्या तुकडे खाली ठेवत म्हणाल्या. "पाणी मी टाकलं."

"किती?" पुनमनं विचारलं.

"एक मग."

"काऊन?"

"घट्ट दिसलं ना! माह्या हातचा माल घट्ट कधीच झाला नाई."

सरांनी कपाळावर हात मारला. "आजपासून कालवणं मशीनवर. तुम्ही साचे धुवा, बाई."

 इंदुबाई साच्यांकडे चालू लागल्या.

पुनम मात्र मोडलेल्या तुकड्यातली काळी गोळी नखानं उकरत होती. "सर, जास्तीच्या पाण्यानं माल कमजोर झालाच, पण ह्या गोळ्याही नडल्या. मीच पुडी एकदम ओतली होती." ती वळली. "बाई, तणस कसं टाकता तुमी?"

"एकदम टाकलं तं भारा होते. आधी मोकळं करायचं. कोरड्या मातीवर चिमटी चिमटी पेरायचं."

"एक पुडी उरली, सर."

 सरांनी खुंटीवरचा पाण्याचा मग उतरवला आणि आपल्या केबिनमध्ये नेऊन ठेवला. "ही शेवटची. पाणी पुनम मोजून टाकेल."

हातमोजे, तोंडाला मास्क. इंदुबाईंनी धागे मोकळे केले, कोरड्या सिमेंट-वाळूवर पेरले, पुन्हा खालीवर केले. पुनमनं मोजलेलं पाणी आणि माल सैल करणारं औषध घातलं. तरी माल जरा घट्टच. इंदुबाईंचा उजवा हात सवयीनं बाजूला गेला, हवेत चाचपला आणि रिकामाच परत आला.

"दिसलं मले," पुनम म्हणाली.

"खाजवून राह्यलं होतं."

पुन्हा अठ्ठावीस दिवस. दाबून पाहायच्या ठोकळ्यांत फार फरक पडला नाही. मग तुळई चढली. साधीचा आकडा ओलांडून काटा पुढे सरकला. टक्! खालून चीर गेली. इंदुबाईंनी डोळे मिटले.

"उघडा बाई!"

तुळई वाकली होती, चिरली होती, पण दोन तुकडे झाली नव्हती.

"धरून हाये," इंदुबाई हळूच म्हणाल्या.

लोकेश सर केबिनमधून मग घेऊन आले. "घ्या. उद्यापासून ट्रे तुमचा."

इंदुबाईंनी ट्रे जवळ ओढला आणि मगाकडे पाहून मान हलवली.

"मग राहू द्या जी तुमच्यापाशीच. माह्या हाताचा अजून भरोसा नाई."