अजून अवकाश आहे

आमच्या घरात 'अवकाश' हा शब्द आप्पांचा होता. जेवण कधी व्हायचंय म्हणून आईला विचारलं की आप्पाच म्हणायचे, "अजून अवकाश हाय." बसला अवकाश, पगाराला अवकाश, शेजारच्या पोरीच्या लग्नाला अवकाश. आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे कोगनोळीचे. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात लेथवर काम करायला आले आणि मच्छ्याचेच होऊन गेले. लेथवर घाई करणाऱ्याची बोटं जातात असं ते सांगायचे, आणि त्यांची दहाच्या दहा शाबूत होती.

घरातली सगळी घाई माझ्या वाट्याला आली होती. नववीत असताना विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्तानं आम्हाला बेळगावच्या एका कॉलेजात नेलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत काळ्या दगडाच्या लांबलचक ओट्यांवर ओळीनं सूक्ष्मदर्शक मांडलेले होते. आमच्या शाळेत एकच होता, तोही कपाटात, आणि कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडं. अकरावी-बारावी इथंच करायची, हे मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. पण त्या कॉलेजात सहजासहजी कुणाला घेत नसत. दहावीच्या मार्कांची यादी लागायची आणि टक्क्याच्या दशांशावर पोरं आत-बाहेर व्हायची. तू कोण, कुठनं आलीस, घरात कुणी शिकलंय का, काही विचारणं नाही. मला ते फार न्यायाचं वाटायचं. तेव्हा मी एकाही यादीच्या बाहेर राहिले नव्हते.

दहावीला सगळ्या विषयांत नव्वदीच्या पुढं पडले. कन्नडला एकसष्ट.

आमची मराठी शाळा. कन्नड बाजारात कानावर पडायचं, तोडकंमोडकं बोलताही यायचं, पण लिहायला बसलं की हात अडायचा. खरी अडचण अनोळखी शब्दांची नव्हतीच. ओळखीचे शब्दच घात करायचे. एकदा निबंधात मी कन्नडमध्ये लिहिलं, माझे वडील खूप कष्ट करतात. कन्नड शिकवणाऱ्या बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि हसत विचारलं, "कुणाला गं एवढा त्रास देतात तुझे वडील?" कन्नडमध्ये कष्ट म्हणजे अडचण, त्रास. सगळा वर्ग हसला, मीही हसले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी वहीवर हात ठेवून सांगितलं, दोन्हीकडं सारखे दिसणारे शब्द जपून वापर. परीक्षेत असे किती शब्द मला फसवून गेले, ते मला कधीच कळणार नाही.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीतही नव्हतं. शेवटचं नाव होतं त्याच्यात आणि माझ्यात एका टक्क्याचंही अंतर नव्हतं. कन्नडला थोडे बरे मार्क असते तर मी आत असते. हा हिशेब मी इतक्या वेळा केला की आईनं शेवटी हातातलं पेन काढून घेतलं.

दुसरी यादी लागल्यावरच्या गुरुवारी पहिली पाळी संपवून आप्पा एकटेच कॉलेजात विचारायला गेले. मी गेले नाही. ज्या बोर्डावर आपलं नाव नाही, तो पुन्हा वाचायला कोण जाईल? खिडकीतले क्लार्क दावणगेरेकडचे होते, त्यांना मराठी येत नव्हतं. आप्पांना कारखान्यापुरतं कन्नड येत होतं: लवकर, हळू, पुरे, उद्या. संध्याकाळी ते आले ते चेहरा फुलवूनच. चपला काढायच्या आधी म्हणाले, "काम व्हतंय बघ. अजून अवकाश हाय म्हणालं. पोरीला घिऊन या म्हणालं."

"कधी जायचं मग?" मी विचारलं.

"सोमवारी रजा मिळती मला. तवा जाऊ दोघं. गडबड कशाला करायची?"

अवकाश आहे म्हटल्यावर मीही गडबड केली नाही. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. आईनं शुक्रवारी माझा पंजाबी ड्रेस धुऊन इस्त्रीला दिला.

सोमवारी आम्ही खिडकीशी उभे राहिलो. क्लार्कनी आप्पांना ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला. सगळ्या जागा शनिवारी दुपारीच भरल्या होत्या. काहीजणांनी प्रवेश घेतला नव्हता, त्या रिकाम्या जागांवर आधी येतील त्यांना घेतलं होतं. "नानु हेळिद्नल्ला, अवकाश इदे अंत," ते आप्पांना म्हणाले. मी सांगितलं होतं ना, अवकाश आहे म्हणून.

"व्हय की," आप्पा मराठीत म्हणाले, "अवकाश हाय म्हणालासा. म्हणून तर आज आलो."

ते म्हणाले, अवकाश. आप्पा म्हणाले, अवकाश. काचेच्या अलीकडून आणि पलीकडून दोघं एकच शब्द एकमेकांना ऐकवत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याचा कान फुटलाय. मधे मी उभी होते, कन्नडला एकसष्ट मिळवलेली. पण एवढं कन्नड मला येत होतं. कन्नडमध्ये अवकाश म्हणजे संधी. संधी आहे, मुलीला घेऊन या, असं त्या भल्या माणसानं सांगितलं होतं. आप्पांनी ऐकलं, वेळ आहे. त्यांनी तो शब्द घरी आणताना जरा जरी बदलला असता तर मी ओळखलं असतं. पण बदलायची गरजच पडली नाही, शब्द आमच्याच घरातला होता.

परतीच्या बसमध्ये मला आप्पांचा राग आला. थोडाथोडका नाही, चांगलाच राग आला. इतकी वर्षं या मुलखात काढून एक शब्द कळू नये? वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझंच कायतरी चुकलं काय गं?"

मी त्यांच्या हातांकडं बघितलं. साबणानं कितीही घासलं तरी नखांतलं काळं तेल निघायचं नाही.

"न्हाय आप्पा," मी म्हणाले. "मार्कच कमी पडले."

ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. मच्छे आलं तेव्हा मीच त्यांना उठवल्यासारखं हलवलं.

मी दुसऱ्या एका साध्या कॉलेजात सायन्स केलं, पुढं लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. आज बेळगावातल्या एका लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताचे नमुने तपासते. त्या कॉलेजात गेले असते तर डॉक्टर झाले असते, असं म्हणणं खोटं होईल. कदाचित झालेही नसते. पण आत जाऊन नापास होणं आणि दारातच राहणं यांत फरक आहे, आणि तो मला अजून बोचतो. आप्पांना मी कधी काही सांगितलं नाही. आईलाही नाही.

त्याच वर्षी धाकटी बहीण पहिलीत जायची होती. आप्पांनी तिला कन्नड माध्यमात घातलं. भाऊबंद बोलले, गल्लीतली माणसं बोलली, मराठी माणूस असून पोरीला कन्नडात घालतोय म्हणून एकानं तर दारात उभं राहून ऐकवलं. आप्पांनी एकच कारण सांगितलं, "शाळा जवळ पडती." मला ते पटलं. शाळा खरंच जवळ होती.

यंदा धाकटीची दहावी झाली. तिला कन्नडला चांगले मार्क आहेत, गणितात कमी पडले. तिलाही त्याच कॉलेजात जायचंय. जूनमध्ये मी रजा काढली आणि आम्ही तिघं गेलो. आप्पा आता निवृत्त झालेत, जिना चढताना कठड्याला धरतात. व्हरांडा तोच, बोर्ड तोच, खिडकीत क्लार्क दुसरे. यादीत तिचं नाव नव्हतं. ती पुढं झाली आणि कन्नडमध्ये घडाघडा बोलू लागली. मी मागं उभी राहून ऐकत होते, पण काचेपलीकडचं नीट ऐकू येत नव्हतं.

धाकटी आमच्याकडं वळली. घरात ती मराठीच बोलते, पण तिच्या मराठीत शाळेतलं कन्नड मिसळलेलं असतं. ती आप्पांना म्हणाली, "अवकाश हाय म्हणत्यात."

मी तोंड उघडणार, तोवर आप्पांनी तिच्या हातातली फाईल घेतली होती.

"म्हंजे येळ न्हाय," ते म्हणाले. "झेरॉक्स काय काय पायजे ते इचार. आत्ताच्या आत्ता भरायचं."

घरात जेवणाला, बसला, लग्नाला अवकाश असल्याचं आप्पांच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं, ते मी तिथं उभी राहून आठवायला लागले. आठवेना. माझं रडू मला आवरेना.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग नजर वळवली. जिन्याकडं जाता जाता म्हणाले, "तू हितंच उभी ऱ्हा. आमी येस्तवर खिडकी बंद करू दिऊ नगंस."

ते कठड्याला न धरता खाली उतरत होते. मी खिडकीच्या फळीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिले.