सीतापुऱ्यातलं मशीन आणि मी केलेलं अपग्रेड

जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या ज्या कारखान्यात मी काम करते तिथे लाकडी दरवाजे, जाळ्या आणि आरशांच्या चौकटी बनतात. नक्षी कोरायला एक मोठं मशीन आहे. ते कॉम्प्युटरवर चालतं, आणि तो कॉम्प्युटर इतका जुना आहे की नव्याने आलेली माणसं आधी त्याचं तोंड बघतात आणि मग माझं. त्यावरची लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रणालीची, आवृत्तीही तितकीच जुनी. तिच्यासाठी नवं काही येणं केव्हाच थांबलं होतं. हे सगळं ज्यांनी बसवलं, ते उस्तादजी दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन चौमूला मुलाकडे राहायला गेले. जाताना त्यांनी मला मशीनचं तेलपाणी शिकवलं, कोरायचं पातं कधी बदलायचं ते शिकवलं, आणि कॉम्प्युटरला इंटरनेटची वायर लावू नका एवढंच बजावून सांगितलं. का लावायची नाही, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

डिझाइनच्या खोलीत नवे कॉम्प्युटर आले तेव्हापासून अडचण सुरू झाली. नवे कॉम्प्युटर जुन्याशी बोलायलाच तयार नव्हते. कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर तो दिसायचा, पण फाइल पाठवली की नकार. म्हणून प्रत्येक नक्षी पेन ड्राइव्हवर घेऊन, जिना उतरून, भुशाने भरलेल्या हॉलमधून मशीनपर्यंत न्यावी लागायची. दिवसातून पंधरा-वीस वेळा. लिनक्स नवं केलं तर हा प्रश्न सुटेल असं मला वाटलं. आणि ते खरंही होतं.

एका शनिवारी दुपारी जेवणानंतर मशीनला काम नव्हतं. मी इंटरनेटची वायर लावली आणि अपग्रेड सुरू केलं. जुन्या आवृत्तीचं सामान इंटरनेटवरच्या नेहमीच्या जागेवरून हलवलेलं होतं. कुठल्याशा पानावर वाचून मी त्या जागांचे पत्ते बदलले. मग ते सुरळीत चालू झालं. पडद्यावर ओळीमागून ओळी सरकत होत्या आणि मी समोर बसून संत्रं खात होते. साधारण अर्ध्यावर सगळं थांबलं. डिस्कवर जागा उरली नाही, असा संदेश आला. त्या वेळी मी काहीही न करता नीट विचार केला असता तर बरंच वाचलं असतं. मी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. काळा पडदा आला, डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली, आणि त्यापुढे काही नाही.

मी कशाचीही प्रत काढून ठेवली नव्हती. हे लिहितानाही मला संकोच वाटतो.

सोमवारी सकाळी मी मालकांना सांगितलं की मशीनचा कॉम्प्युटर उघडत नाहीये. एवढंच सांगितलं. त्या आठवड्यात आमच्याकडे वीज दोनदा झटका देऊन गेली होती. मालकांनी लगेच ठरवून टाकलं की यूपीएसने दगा दिला असणार. त्यांनी माझ्यासमोरच यूपीएसवाल्याला फोन लावला आणि त्याला बरंच सुनावलं. मी तिथेच उभी होते. एका वाक्यात ते थांबवता आलं असतं. मी म्हटलं, मी बघते काय करता येतं ते, आणि खाली गेले.

तासाभरात तो यूपीएसवाला आलाच. मध्यम वयाचा, शांत माणूस. त्याने बॅटऱ्या तपासल्या, मीटर लावून दाखवला, सगळं ठीक आहे म्हणाला. मालकांना पटलं नाही. त्यांनी सांगितलं की यंत्र बदलून दे, नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला देतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा, यात काही बिघाड दिसतोय का?" मी म्हटलं, बघावं लागेल. तो सामान आवरून गेला.

दिवसभर मी कॉम्प्युटरशी झटत होते. पेन ड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू केलं आणि आतली डिस्क उघडून पाहिली. नक्ष्या सगळ्या होत्या. मशीनच्या सेटिंगचा फोल्डरही होता. मी ते सगळं आधी दोन ठिकाणी उतरवून घेतलं, मग पाणी प्यायले. त्यानंतर अर्धवट राहिलेलं अपग्रेड पुरं करायचा प्रयत्न केला. निम्मं सामान जुनं, निम्मं नवं; एक दुरुस्त करावं तर दुसरं अडून बसायचं. तिसऱ्या प्रयत्नानंतर सोडून दिलं.

घरी आले तेव्हा माझा चेहरा बघून बाबांनी काय झालं ते विचारलं. आमचं घर मूळचं भुसावळचं. बाबा रेल्वेत सिग्नल विभागात होते, बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. लिनक्स म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही, पण बिघडलेली वस्तू म्हणजे काय ते चांगलं माहीत आहे. मी सगळं सांगितलं. यूपीएसवाल्याचंही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "चालू मशीन उघडण्याआधी कोणाला लिहून दिलं होतंस का?"

"नाही."

"आम्ही सिग्नलला हात लावायच्या आधी स्टेशन मास्तरला कागद द्यायचो. त्याची सही आल्याशिवाय पेटीचं कुलूप उघडायचं नाही. बिघडलं तर कोणी बिघडवलं हे शोधत बसायला लागू नये म्हणून." मग म्हणाले, "त्या माणसाचं काम जाईल, बेटा."

बेटा हा शब्द आमच्या घरात हिंदीतून आलेला. बाबा तो क्वचित वापरतात. मग ते टीव्हीकडे वळले आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

मंगळवारी सकाळी मी सरळ मालकांच्या खोलीत गेले. सांगितलं की यूपीएस ठीक आहे. शनिवारी मी न विचारता कॉम्प्युटर नवा करायला गेले, तो मध्येच अडकला, आणि काल मी तुम्हाला हे सांगितलं नाही. मालकांनी विचारलं, "काल मी त्याला बोलत होतो तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मला मशीनचं तेवढं वाईट वाटत नाही." आणि मान खाली घालून कागद चाळू लागले. जा म्हणाले नाहीत, पण मी निघाले.

खाली येऊन मी डिस्क पुसली आणि लिनक्सची नवी आवृत्ती घातली. ती झरझर बसली. पडदा सुंदर दिसत होता, डिझाइनच्या खोलीतून पाठवलेली फाइल पहिल्या फटक्यात पोचली. मशीन चालवणारं सॉफ्टवेअर घातलं, फोल्डर जागेवर ठेवला, लाकडी पट्टीवर एक वर्तुळ कोरायला लावलं. मोटर धाप लागल्यासारखी अडखळत चालली. वर्तुळाला कोपरे आले.

कारण पुढे वाचल्यावर कळलं. मोटरला एका सेकंदात हजारो ठोके लागतात आणि प्रत्येक ठोका ठरलेल्या क्षणी लागतो. साधं लिनक्स मध्येच दुसऱ्या कामाला जातं आणि किंचित उशिरा परत येतं. आपल्याला तो उशीर कळत नाही, मोटरला कळतो. उस्तादजींनी घातलेलं लिनक्स खास या कामासाठी बांधलेलं होतं, आणि त्या जुन्या कॉम्प्युटरवर तेच नीट चालत होतं. वायर लावू नका, ते बहुधा याचसाठी. म्हणजे मी जे बदलायला निघाले होते, नेमकं तेच पुन्हा आणायचं होतं. कपाटात त्याची सीडी होती, पण ती इतकी खरवडलेली की वाचता येईना. शेवटी जुन्या आवृत्त्या साठवून ठेवणाऱ्या एका साइटवर ती सापडली. बुधवारी दुपारपर्यंत मशीनवर जुनाच पडदा परत आला, तोच मातकट रंग, तीच बारीक अक्षरं. वर्तुळ गोल आलं.

मग आरशाच्या चौकटीचे चार तुकडे कापले आणि जोडून पाहिले. एका कोपऱ्यात नख जाईल एवढी फट होती.

सेटिंगच्या फोल्डरमध्ये एकाच फाइलच्या पाच प्रती होत्या. एकीचं नाव नवी, एकीचं नवी दोन, एकीचं पक्की, आणि बाकी दोन तारखांच्या. मशीनने किती सरकायचं ते ठरवणारा आकडा पाचहींत वेगळा. मी एकेक लावून बघितली. फट कधी वाढायची, कधी दुसऱ्या कोपऱ्यात जायची. संध्याकाळी उस्तादजींना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, वायर कोणी लावली. मी लावली म्हटलं. ते म्हणाले, उद्या सकाळच्या बसने येतो.

ते आले तेव्हा डोक्याला साफा होता आणि हातात कापडी पिशवी. सगळे कारागीर उठून भेटायला आले. मी त्यांना पाचही फाइली दाखवल्या आणि खरा आकडा कुठला ते विचारलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले की आठवत नाही.

मी बहुधा फारच हिरमुसले असेन, कारण ते हसले. "अहो, दर काही महिन्यांनी मी तो बदलायचो. मशीन सरकवणारा स्क्रू झिजतो, तसा आकडा बदलतो. माझा जुना आकडा मिळाला तरी तुमच्या काय कामाचा? मोजा."

पिशवीतून त्यांनी डायल काढला. घड्याळासारखा गोल, आतला काटा केसाएवढा फरक दाखवणारा. मशीन दहा मिलिमीटर पुढे न्यायचं, दहा मागे आणायचं, काटा शून्यावर येतो का बघायचं. येत नव्हता. जेवढा फरक, तेवढी स्क्रूमधली ढिलाई, तेवढा आकडा फाइलमध्ये. एकाच जागी मोजून भागत नाही. मशीनचा मधला भाग जास्त वापरला जातो, तिथे जास्त झिजतं. आम्ही लांबी आणि रुंदी दोन्ही दिशांना प्रत्येकी दहा-बारा जागी मोजलं. पहिले काही आकडे त्यांनी घेतले, मग डायल माझ्या हातात दिला आणि ते स्टुलावर बसून मी सांगितलेले आकडे लिहू लागले. दोनदा त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. दोन्ही वेळा मी डायल तिरका धरला होता.

चार वाजता चौकट जोडली. चारही कोपरे बंद झाले. उस्तादजींनी अंगठा फिरवून पाहिला आणि जायची घाई केली, कारण शेवटची सोयीची बस साडेपाचची होती. डायल त्यांनी माझ्याकडेच ठेवला. मी नको म्हटलं तर म्हणाले, घरी काय मोजणार मी?

निघताना ते मालकांना भेटायला वर गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावून सांगितलं की तशीच आणखी एक डिस्क विकत आणा, त्यावर सगळं जसंच्या तसं उतरवून त्यांच्या कपाटात ठेवा, आणि यापुढे काही बदलायचं असेल तर आधी कागदावर लिहून द्या. बाबांची स्टेशन मास्तरच्या कागदाची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती.

आता मी दर तीन महिन्यांनी मशीन मोजते. नक्ष्या अजून पेन ड्राइव्हवरच खाली जातात.

यूपीएसवाल्याला मालकांनी स्वतः फोन केला. मीही केला. चूक माझी होती आणि मी गप्प बसले, असं सांगितलं. तो "ठीक है मॅडम" म्हणाला आणि फोन ठेवला. पुढच्या सर्व्हिसला आला तेव्हा मी चहा मागवला. त्याने घेतला नाही. त्याच्या पुढच्या वेळी घेतला.