इंदापूरची जुगलबंदी
सतार शिकायला मी सणसरहून बारामतीला जायचे, दर रविवारी, सकाळच्या एसटीनं. आमच्याकडं आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनी शेती धरली, पण जत्रेतला ढोल सोडला नाही. एकदा ते मला न्यायला क्लासवर आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. पुढच्या रविवारी सरांनी सगळ्यांदेखत माझ्या हातातली सतार काढून घेतली.

"ही बोटं लोकर कातरायची आहेत. उगाच तारा का खराब करायच्या?"

पोरं हसली. माझा क्लास तिथंच सुटला. का, ते मी घरी सांगितलं नाही. सरांचा तो चेहरा मात्र रोज मुद्दाम आठवायचे, विसरू नये म्हणून.

नव्वदनंतर बारामतीच्या एमआयडीसीत एक जपानी इंजिनिअर यंत्रं बसवायला आला. माझा भाऊ त्याची गाडी चालवायचा. त्याच्या बायकोला घरात सोबतीला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी जाऊ लागले. तिच्या हॉलमध्ये जमिनीवर माणसाएवढं लांब वाद्य होतं, कोटो. तेरा तारा आणि प्रत्येक तारेखाली सुटी घोडी. घोडी सरकवली की सूर बदलायचा. माझी नजर हटेना हे पाहून तिनं माझ्या बोटांत नख्या चढवल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ती वाजवायची, मी तसंच वाजवायचे. दोन वर्षांनी मायदेशी जाताना तिनं तो कोटो मला दिला.

वडिलांच्या ढोलासोबत मी तो वाजवून पाहिला. मग लग्नाच्या ऑर्केस्ट्रातले गिटारवाले आणि कीबोर्डवाले येऊन मिळाले. धनगरी गजनृत्याचा ठेका, जपानी तारा, खालून गिटार. असलं काही कुणी ऐकलं नव्हतं. डाळजपासून इंदापूरपर्यंत बोलावणी येऊ लागली.

इंदापूरच्या एका गणेश मंडळानं सतार आणि कोटोची जुगलबंदी ठरवली. सतारीला तेच सर. पत्रकावर ठळक छापलं होतं, 'गुरू-शिष्या जुगलबंदी'.

"हे कुणी सांगितलं?" मी अध्यक्षांना विचारलं.

"सरांनीच. पोरगी माझ्याच हाताखाली तयार झाली म्हणले. खोटं हाय का?"

"राहू द्या तसंच," मी म्हणाले.

त्या दिवशी वडिलांना क्लासमधली गोष्ट पहिल्यांदा सांगितली.

"मग जाऊ नगंस."

"जाणार हाय. तुमी ढोल घ्या."

राग भूप ठरला होता. सरांनी सतार त्याप्रमाणे लावून आणली. माझ्या प्रत्येक तानेनंतर ते माईकमध्ये "वा, बेटा" म्हणायचे आणि लोक त्यांच्याकडं कौतुकानं बघायचे. मी आज्ञाधारकपणे वाजवत राहिले. ढोलाची लय चढली, तशा मी वाजवता वाजवता रिषभ आणि धैवताच्या घोड्या सरकवल्या. दोन्ही सूर कोमल झाले. भूपाचा विभास झाला, दुसराच राग.

सरांचा शुद्ध रिषभ त्यावर असा आदळला की पुढच्या रांगेतल्या माणसांनी तोंड वाकडं केलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं नाही. ते सतारीचा पडदा सरकवायला गेले, तो अडकला. पडद्यांखालच्या तरफेच्या तारा बेसूर झणझणत राहिल्या. वडिलांनी ठेका थांबवला नाही. शेवटी सरांनी सतार मांडीवर आडवी घेतली आणि हजारभर माणसांसमोर नुसते बसून राहिले. मी हवं तेवढं वाजवलं. घाई केली नाही.

मंडपामागं त्यांनी मला गाठलं. "हे ठरलं नव्हतं."

"शिष्या काय वाजवणार, हे गुरूला कळायला पाहिजे होतं, सर."

पुढच्या वर्षी मंडळानं मला एकटीलाच बोलावलं. सरांना आमंत्रण द्यायचं का, असं अध्यक्षांनी चाचरत विचारलं.

"द्या. पहिल्या रांगेत बसवा."

येणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते आले. मी विभासच वाजवला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्यांच्याकडं रोखून बघत. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मांडीवर बोटांनी ताल धरत होते. उठून गेले असते तर मला बरं वाटलं असतं.