उठून मागायचं जेवण

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आम्ही कतारमध्ये, दुखानला तेल कंपनीच्या वसाहतीत राहत होतो. शाळा संपून कॉलेज सुरू व्हायला तीन महिने होते आणि मी बहुतेक वेळ शेजारच्या इंग्रज आंटींच्या स्वयंपाकघरात काढत असे. त्यांना माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा नसे, म्हणून मला तिथे बरं वाटे.

आंटींच्या वडिलांचा इंग्लंडमधल्या एका खेड्यात पब होता. वर घर, खाली पब. आंटी म्हणत, बिअर कुठेही मिळते, आमच्याकडे लोक जेवायला दहा-दहा मैलांवरून येत. आता वडील थकले होते आणि तो पब आंटींनी चालवायला घ्यावा असं त्यांचं म्हणणं होतं. आंटींचं मन होत नव्हतं. "चाळीस माणसांना एका वेळी जेवायला घालायला मला जमेल का, तेच माहीत नाही," त्या म्हणाल्या. मग ते बघण्यासाठी त्यांनी एका शुक्रवारी वसाहतीच्या हॉलमध्ये पबसारखं जेवण ठेवलं आणि आमच्या मराठी घरांनाही आवर्जून बोलावलं.

दोन दिवस आम्ही 'पाय' करत होतो, इंग्रजांचा पबमधला नेहमीचा पदार्थ. मैद्याच्या पारीत चिकन भरून ओव्हनमध्ये भाजायचे. काही आमच्या शाकाहारी लोकांसाठी, चीज आणि कांद्याचे. वर घालायला रस्सा आणि बिअरच्या जागी आल्याचं सरबत. फळ्यावर खडूने पदार्थ मी लिहिले, कारण काउंटरमागे उभं राहून लिहिताना कोणाशी बोलावं लागत नाही.

शुक्रवारी दुपारी हॉल भरला. इंग्रज मंडळी काउंटरशी येऊन सांगत होती, ताट घेऊन जात होती. मराठी मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत, मुलांना गप्प करून, टेबलाशी बसून होती. आई-बाबासुद्धा. अर्धा तास झाला तरी कोणी उठेना. अन्नाकडे बघायचंही नाही, इतकी सभ्यता.

आंटी माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्यांना आवडलेलं दिसत नाही. मी वडिलांना नाही म्हणून कळवते." त्या कांद्याचे पाय पुन्हा आत नेऊ लागल्या.

काय चुकतंय ते मला दिसत होतं. पण सांगायला टेबलांपर्यंत जावं लागणार होतं, तेही मराठीत. घरी मी सगळं समजून घेई आणि उत्तर इंग्रजीत देई. माझं मराठी ऐकून लोक हसतील, ही भीती मला नेहमीच होती. तरी मी गेले. सर्वांत जवळचं टेबल मूळच्या साताऱ्याच्या काकूंचं होतं, आमच्या मागच्या बंगल्यातल्या.

"काकू, इथे कोणी वाढायला येत नाही. तिकडे जाऊन मागायचं."

"पाहुण्यानं मागायचं?"

"हो. नाही मागितलं तर आंटींना वाटतं, तुम्हाला नको आहे."

"अगं, मघापासून नुसता वास खातोय आम्ही," काकू म्हणाल्या आणि मग माझ्याकडे नीट बघितलं. "आणि तू बोलतेस की. मला वाटायचं, पोरगी मुकी आहे."

सगळे हसले. मीही हसले, आणि त्यानं काही बिघडलं नाही. बाबा उठले आणि तिकडचा अरबी शब्द मिसळून म्हणाले, "चला, यल्ला." खुर्च्या एकदम सरकल्या.

त्यानंतर मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कोणाला चिकन, कोणाला कांदा, कोणाला तिखट काही आहे का. मी मराठीत ऐकायची, आंटींना इंग्रजीत सांगायची. काकू दुसऱ्यांदा आल्या आणि आंटींकडे बोट दाखवलं.

"तिला विचार, ती कधी जेवणार?"

"सगळ्यांचं झाल्यावर, म्हणतात."

"ते काही चालायचं नाही." काकूंनी पदर खोचला, काउंटरमागे आल्या, आंटींना दंडाला धरून आईच्या शेजारी नेऊन बसवलं आणि चमचा हातात घेतला. पुढच्या इंग्रज साहेबांनी एक पाय मागितला, त्यांना दोन मिळाले. ते नको म्हणाले तेव्हा वर रस्साही मिळाला.

आंटी जेवता जेवता ते बघत होत्या आणि हसून त्यांना घास गिळता येत नव्हता.

"जमेल मला," त्या म्हणाल्या. "पण आमच्या खेड्यात ही बाई कुठून आणू?"

मी ते काकूंना सांगितलं. काकूंनी हातातला चमचा खाली ठेवला नाही.

"म्हणावं, तिकीट पाठव."