शेवाळ मी काढायला लावलं

मंडळी, आज सभेत टाळ्या मिळाल्या, पण हा ई-मेल लिहिताना मान वर होत नाही.

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या अभ्यासिकेत, मागावर राबून निवृत्त झालेले नामदेवकाका खाऱ्या पाण्याची काचपेटी सांभाळतात. ओख्याच्या समुद्रकिनाऱ्याकडच्या प्रवाळातली माशांची पाच पिल्लं त्यांनी जिवापाड जपली होती. पण पेटीत समुद्री शेवाळ इतकं दाट, की काही दिसेना. आजची सभा तिथेच होती, आणि भाषणाला उभं राहताच मी म्हणालो,

"काका, ते शेवाळ काढा. लोकांना मासे दिसू द्या."

"भाऊ, त्यातच लपतात पिल्लं. नाहीतर पेटीतला तो मोठा मासा सोडेल होय त्यांना?"

मी माइकवरूनच हसलो. "लपून किती दिवस जगायचं, काका? बाहेर येऊन लढायला शिकू द्या त्यांना!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी शेवाळ काढलं.

तासाभराने माझं भाषण संपलं, तेव्हा पेटीत एकटा मोठा मासा फिरत होता.

"भाषण बाकी झकास झालं हं, भाऊ," काका म्हणाले आणि काच पुसत राहिले.

आयुष्यभर मी लोकांना उघड्यावर येऊन लढा म्हणत आलो. वाढायला आधी आडोसा लागतो, हे मला सुचलंच नाही. माझं ऐकून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण वाचले, सांगाल का कुणी?